कुत्र्यांचा ट्रक अडवणारी पोरं

चीन आणि प्राणी म्हटलं की आपल्याकडे एकच रेकॉर्ड वाजते, ते लोक काहीही खातात, झालं, विषय संपला. पण मंडळी, कुत्र्याच्या मांसाला कडाडून विरोध करणारे कितीतरी लोक चीनमध्येच आहेत, आणि त्यात तरुण पोरंपोरी भरपूर.

एप्रिल 2011 ची गोष्ट. बीजिंग-हार्बिन एक्सप्रेसवेवर एका माणसाला कुत्र्यांनी खचाखच भरलेला ट्रक दिसला, त्याने सरळ आपली गाडी आडवी घातली आणि वेइबोवर पोस्ट टाकली, वेइबो म्हणजे त्यांचं ट्विटरच समजा. बघता बघता लोक जमले, कोणी पाणी आणतंय, कोणी डॉक्टरला फोन लावतंय, आणि ड्रायव्हर आपला शांत, कारण त्याच्याकडे कुत्रे नेण्याचे रीतसर कागद होते! मग तासन् तास घासाघीस, शेवटी लाखभर युआन मोजून ते पाचेकशे कुत्रे चक्क विकत घ्यावे लागले.

विकतच का? कारण पाळीव प्राण्यांचा छळ करू नका असं सांगणारा देशभराचा कायदाच चीनमध्ये नाही. 1988 चा वन्यजीव कायदा आहे, तो जंगली प्राण्यांपुरता. 2002 मध्ये चिंग्हुआ युनिव्हर्सिटीच्या एका विद्यार्थ्याने बीजिंगच्या प्राणिसंग्रहालयात अस्वलांवर ॲसिड ओतलं, तर खटला चालला तो मालमत्तेच्या नुकसानीचा. 2020 मध्ये शानदोंगमधला एक विद्यार्थी मांजरांचे हाल करून व्हिडिओ टाकत होता, नेटवर बोंबाबोंब झाल्यावर युनिव्हर्सिटीने त्याला काढलं, पण छळाचा गुन्हा लावायला कलमच नव्हतं. (आपण फार हुरळून जायला नको हं, आपला 1960 चा कायदा आहे पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये.)

कायदा नाही म्हटल्यावर ही पोरं मोर्चा वळवतात कंपन्यांकडे. गुइझेनतांग नावाची कंपनी जिवंत अस्वलांच्या पोटातून पित्त काढून औषधाला विकते, तिला शेअर बाजारात उतरायचं होतं. 2012 मध्ये नेटवर एवढा गदारोळ उठला की पुढच्या वर्षी कंपनीने तो नाद सोडला. 2020 मध्ये शेनझेन शहराने कुत्र्या-मांजराचं मांस खाण्यावर बंदीच घातली, आता त्याला निमित्त कोविडचं होतं हे खरं, पण हवा आधीपासून तयार होती असं मला वाटतं.

ही हवा आली कुठून? बरीचशी फ्लॅटमधून. एकुलती एक वाढलेली पिढी, नोकरीसाठी परक्या शहरात, लग्न लांबणीवर, मग घरात मांजर येतं आणि ते घरचंच होऊन जातं. कॉलेजातही तेच. पेकिंग युनिव्हर्सिटीत भटक्या मांजरांसाठी विद्यार्थ्यांचा क्लब आहे, त्यांच्याकडे कॅम्पसमधल्या मांजरांची नोंद असते, फोटो, नाव, स्वभाव, नसबंदी झाली का नाही, सगळं फोनवर बघता येतं. एक मांजर तर लेक्चरला येऊन बसायचं म्हणून फेमस झालं होतं, त्याचं नाव काय ठेवलं होतं, तर 'विद्वत्ता'!

यातलं सगळंच मला पटतं असं नाही. छळ करणाऱ्याचं नाव-पत्ता, आईबापांचे फोन नंबर नेटवर टाकून त्याच्या मागे हात धुऊन लागायचं हा प्रकार घाणेरडाच आहे, कायदा नसला की हे असं होतं.

आणि डुकराचं काय? जगातली जवळजवळ निम्मी डुकरं चीनमध्ये. हूबेइ प्रांतात एझोऊला 26 मजली बिल्डिंग उभी केलीय, नुसती डुकरांची, लिफ्टने वर नेतात, वर्षाला लाखोंनी डुकरं तयार होणार. पोर्कचे भाव तिथे थेट सरकारच्या डोक्याला ताप, 2018 मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा साथीचा रोग आला तेव्हा भाव कुठच्या कुठे गेले, आणि सरकार तर पोर्कचा राखीव साठाच ठेवतं, आपण गव्हाचा ठेवतो तसा. मांजरवाली पोरं त्या वाटेला अजून फारशी गेलेली नाहीत.