रात्रीचा खोकला, सकाळची शाळा

[दृश्य: अंधारी खोली. खोकल्याचा आवाज.]

रात्रीचे 2 वाजलेत. उबळ काही थांबत नाही. आई उशांचा टेकू देऊन मुलाला बसवते, पाठ चोळत राहते. पहाटे कुठे त्याचा डोळा लागतो आणि शाळेची वेळ होते. आज त्याला उठवणार कोण?

दमा असलेल्या मुलांची शाळा पुष्कळदा अशीच बुडते. मोठा झटका आलेला नसतो, रात्रभर झोप झालेली नसते.

दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. धूर, धूळ, साधी सर्दी, काहीही निमित्त झालं की त्या आवळतात आणि छातीत घरघर सुरू होते. त्रास थांबला तरी सूज राहू शकते. म्हणून श्वासातून औषध घ्यायचे पंप दोन. एक लागेल तेव्हाचा, काही मिनिटांत श्वास मोकळा करणारा. दुसरा रोजचा, सूज उतरवणारा. याचा पुरता गुण यायला काही आठवडे लागतात, आणि मूल जरा हुंदडायला लागलं की नेमका हाच बंद पडतो. "सवय लागेल हो पंपाची!" नाही लागत. तो डॉक्टरांना न विचारता थांबवू नका.

[दृश्य: शाळेतली लहानशी खोली. टेबलावर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं प्लॅस्टिकचं पोकळ नळकांडं.]

काही शाळांमध्ये रोजचा डोस शाळेतच, देखरेखीखाली दिला जातो. सकाळच्या धांदलीत तो राहून जात नाही. अशा मुलांचे विनात्रासाचे दिवस वाढतात, हे अभ्यासांतून दिसलं आहे.

बघा, ही मुलगी पंप हलवते, स्पेसरला लावते. तोंडातली नळी ओठांनी घट्ट धरते. एकदाच दाबते. मग संथ श्वास, आत-बाहेर, पाच-सहा वेळा. प्रत्येक श्वासाला झडप टिकटिकते. शेवटी खळखळून चूळ.

लागेल तेव्हाचा पंप मात्र हाताशीच हवा. तो कपाटात कुलपात आणि किल्ली भलत्याच कुणाच्या खिशात, हे चालणार नाही. धाप लागून वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसले, तर हा पंप देत लगेच रुग्णवाहिका बोलवायची. वर्गशिक्षकांकडे हे लिहिलेला कागद हवाच.

[दृश्य: नळाखाली स्पेसर.]

स्पेसर साबणाच्या पाण्यात धुतात, पण पुसत नाहीत. कापडाने घासला की प्लॅस्टिकवर विद्युतभार साठतो आणि औषध आतल्या बाजूलाच चिकटतं. तसाच वाळू द्यायचा. सोमवारी पहिल्या तासाआधी तो पुन्हा टेबलावर असतो.