स्पेशल इंग्लिश : निफाडच्या एका वर्गातून

[दृश्य : वर्ग. बाकांवर छोटे आरसे. एका मुलीच्या ओठांसमोर कागदाची पट्टी.]

बी.ए.च्या स्पेशल इंग्लिशचा वर्ग, आणि तास उच्चारांचा. आरसे मुलींच्या पर्समधले, पट्ट्या जुन्या उत्तरपत्रिका फाडून केलेल्या. पट्टी ओठांपासून दोन बोटं लांब धरायची आणि ‘पेन’ म्हणायचं. आपण एरवी म्हणतो तसं म्हटलं, तर पट्टी ढिम्म हलत नाही. मॅडम म्हणतात, “परत म्हण. हवा सोड जरा.” तिसऱ्या खेपेला पट्टी फडफडते आणि अख्खा वर्ग हसतो.

[दृश्य : आरशातले ओठ, अगदी जवळून.]

आता आरशाची पाळी. मराठीत एका ‘व’वर आपलं भागतं. इंग्रजीत दोन लागतात. एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. दुसऱ्यात दातांचं काम नाही, ओठ फक्त गोल करायचे. उदाहरण शोधायला मॅडमना लांब जावं लागत नाही, कारण हा निफाड तालुका आहे आणि खिडकीबाहेर द्राक्षबाग आहे. व्हाइन म्हणजे वेल. वाइन म्हणजे त्याच वेलाच्या द्राक्षांची दारू. मागच्या बाकावरचा मुलगा दोन्ही शब्द एकसारखेच म्हणतो. आरशात बघतो, पुन्हा म्हणतो. मॅडम त्याच्या बाकाशी जातात आणि दात टेकेपर्यंत हलत नाहीत.

इंग्रजीचे असे ४४ ध्वनी शिकवले जातात, २० स्वर आणि २४ व्यंजनं. प्रत्येकाची खूण वेगळी, आणि परीक्षेत विचारली जाते ती खूणच. शब्द दिलेला असतो, त्याचं उच्चारलेखन करायचं. तोंड न उघडता पैकीच्या पैकी गुण मिळतात. आरसा आणि पट्टी ही मॅडमची स्वतःची भर, अभ्यासक्रमात तिला जागा नाही.

[दृश्य : कॉलेजचं फाटक. सायकली, एसटीचा थांबा, मुलींचा घोळका.]

बी.ए.ला कंपल्सरी इंग्लिश सगळ्यांच्याच मागे लागलेलं असतं. स्पेशल इंग्लिश मात्र आपणहून घ्यायचं. पुणे विद्यापीठाच्या जुन्या रचनेत दुसऱ्या वर्षाला स्पेशलचे दोन पेपर : एस-वन म्हणजे नाटक, एस-टू म्हणजे कविता. तिसऱ्या वर्षाला कादंबरी आणि समीक्षा. नव्या शैक्षणिक धोरणात याला मेजर म्हणतात. मुलं अजून स्पेशलच म्हणतात, आणि फळ्याच्या कोपऱ्यातही तेच लिहिलेलं आहे.

का घेतलं स्पेशल? हा प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारला.

“मामा म्हणाला, इंग्लिशवाल्याला कुठंही काम मिळतं.”

“बारावीला इंग्लिशलाच जास्त मार्क होते.”

“मला वाचायला आवडतं.” हे सांगणारी एकच, आणि सांगताना तिनं मैत्रिणीकडे पाहिलं.

ही पिढी पहिलीपासून इंग्रजी शिकलेली आहे. राज्यातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून सक्तीचं झालं २००० साली. त्याआधी पाचवीत ए-बी-सी-डी गिरवायला सुरुवात व्हायची. मॅडम त्या पाचवीवाल्या पिढीच्या. उशिरा सुरू केलेल्या इंग्रजीत उच्चारांवर मेहनत घ्यावी लागते; वर्गात आरसे का येतात, ते यावरून कळावं.

[दृश्य : पुणे. विश्रामबागवाडा, सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, कोरीव सज्जा, खालून जाणाऱ्या रिक्षा.]

निफाडच्या या वर्गाची मुळं शोधत आम्ही पुण्यात येतो. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि तीनच वर्षांत, १८२१ मध्ये, इंग्रज सरकारनं इथे संस्कृत पाठशाळा उघडली. खर्च कुठून? पेशवे ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, त्याच निधीतून. आधी न्याय म्हणजे तर्कशास्त्र, व्याकरण, वेदान्त. इंग्रजी मागाहून आलं. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं, आणि १८६४ मध्ये त्याचं नाव डेक्कन कॉलेज पडलं.

[दृश्य : सज्ज्यातून आत येणारं ऊन. वाड्यातला चौक.]

कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेचे विद्यार्थी. शास्त्री झाले, मग इंग्रजी शिकले, आणि शिकलेलं इंग्रजी त्यांनी कशासाठी वापरलं? इंग्रजीतले ग्रंथ मराठीत आणण्यासाठी. त्यांचं एक पाऊल संस्कृतात, दुसरं इंग्रजीत, आणि लिहिणं मराठीत.

मुंबई विद्यापीठ १८५७ मधलं. बी.ए.ची पहिली तुकडी १८६२ मध्ये बाहेर पडली. तीत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. इंग्रजी त्यांनाही चुकलं नव्हतं. मजा अशी, की ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याची वेगळी पदवी सुरू व्हायला १८९० चं दशक उजाडलं. तिथले लोक तोवर लॅटिन आणि ग्रीकच्या परीक्षा देत होते. आपल्याकडे मात्र इंग्रज कवींवर कधीपासून प्रश्न पडत होते!

सांगायचं इतकंच, की महाराष्ट्रात इंग्रजीचा अभ्यास सुरू झाला तो मराठी हाताशी धरून. पुढे अभ्यासक्रम इंग्रजी तेवढं ठेवत गेला. विंदा करंदीकर, जी. ए. कुलकर्णी ही माणसं पोटासाठी इंग्रजीचे प्राध्यापक होती. त्यांचं मराठी लिहिणं हा विद्यापीठाच्या लेखी त्यांचा खासगी मामला.

[दृश्य : अप्पा बळवंत चौक. दुकानांच्या दारात गाइडांच्या चळती, दोरीनं बांधलेले गठ्ठे.]

वाड्यापासून चालत पाच मिनिटांवर अप्पा बळवंत चौक. जून-जुलैत इथे पाय ठेवायला जागा नसते. दुकानदार न विचारताच गाइड पुढे करतो. आत कवितेचा गोषवारा, कवीचं आयुष्य दहा ओळींत, आणि सोळा गुणांचं तयार उत्तर. गाइड घेणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. मूळ कादंबरी तीनशे पानांची, कॉलेजच्या ग्रंथालयात तिच्या दोन प्रती, आणि वर्गात तीस मुलं.

[दृश्य : सकाळ. मॅडम स्कूटीवर. बॅग पायाशी, हेल्मेट, मागे द्राक्षबाग.]

आता पोटापाण्याचं. मॅडम एम.ए. आहेत, सेट म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास आहेत. राज्याची सेट पुणे विद्यापीठ घेतं. देशपातळीवरची नेट वेगळी. नेटचे दोन पेपर, तीन तास, १५० प्रश्न, ३०० गुण. परीक्षेला बसलेल्यांपैकी थोडेच पात्र ठरतात. पात्र ठरणं म्हणजे नोकरी लागणं नव्हे. मॅडम सीएचबीवर आहेत, तासिका तत्त्वावर. घेतलेल्या तासाचे पैसे. दिवाळीत तास नाहीत, मे महिन्यात तास नाहीत. म्हणून सकाळी हे कॉलेज, दुपारी दुसरं, आणि संध्याकाळी घरी स्पोकन इंग्लिशचा क्लास. महिन्याला किती मिळतात, हा प्रश्न कॅमेरा बंद करून विचारा असं त्या म्हणाल्या.

[दृश्य : अभ्यासिका. टेबलावर प्रश्नसंच, मोबाइलवर घड्याळ लावलेलं.]

शाळेत जायचं तर दोन वर्षांचं बी.एड., आठवीपर्यंत शिकवायला टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही भरतीची परीक्षा, मग पवित्र पोर्टल हे शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ आणि वाट बघणं. बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएस ही संस्था घेते त्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात. स्पेशलच्या मुलांना हे जड जात नाही, त्यांची गाडी गणितावर अडते. पुण्यातल्या कंपन्यांत व्हॉइस प्रोसेसला, म्हणजे फोनवर ग्राहकांशी बोलायच्या कामाला, या वर्गातून काही जण गेले. कंपनीच्या फाटकाच्या आत कॅमेरा नेता येत नाही. इतकं कळलं, की मुलाखतीत उच्चारांची चाचणी होते, आणि तिथे आरसा कामाला आला असं एकानं फोनवर सांगितलं. कंटेंट रायटिंगची कामं होती, २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून ती आटली. बाकीचे दुकानात, शेतात, नाहीतर संसारात.

[दृश्य : नाशिक, जिल्हा न्यायालयाचा परिसर. काळे कोट, टायपिंगची टेबलं, झेरॉक्स. मग एक लहान खोली, टेबलावर फायली.]

इथे जरा थांबू. या खोलीत बसलेली मुलगी त्याच वर्गातून बाहेर पडलेली. सेट दिली नाही, कंपनीत गेली नाही. ती कोर्टाच्या कागदांचं भाषांतर करते.

तालुक्याच्या न्यायालयात जबाब मराठीत होतात, पंचनामा मराठीत, सातबारा आणि फेरफार मराठीत. प्रकरण अपिलात उच्च न्यायालयात गेलं, की तिथली भाषा इंग्रजी. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदात तशी तरतूद आहे. म्हणजे दोन भावांच्या बांधाचं भांडण मुंबईला पोचायच्या आधी इंग्रजीत व्हावं लागतं, आणि ते काम या टेबलावर होतं.

[दृश्य : हस्तलिखित पंचनामा. ओळीखाली फिरणारी पेन्सिल. शेजारी लॅपटॉप.]

हा पंचनामा हातानं लिहिलेला. आधी अक्षर लावायचं. मग चतुःसीमा : पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस अमुक याचा गट. दिशा चुकली तर जमीनच बदलली. पुढे सामाईक विहीर, तीत चार आणे हिस्सा, आठ दिवसांतून दोन दिवस पाण्याची पाळी. चार आणे म्हणजे पाव वाटा, हे तिला शेतकऱ्याच्या घरातून माहीत. ते वकिली इंग्रजीत कसं मांडायचं, हे ती एका वकिलाकडे दीड वर्ष बसून शिकली. यंत्रानं भाषांतर करून बघितलं का? बघितलं. छापील मजकुराचा कच्चा खर्डा मिळतो. या अक्षरापुढे आणि ‘वहिवाट’, ‘पोटखराबा’ असल्या शब्दांपुढे ते गडबडतं. प्रत्येक पान तिला स्वतः वाचावंच लागतं, कारण भाषांतर बरोबर असल्याची सही तिची असते. पैसे पानावर मिळतात. काम बाराही महिने असतं.

बी.ए.च्या तीन वर्षांत यातलं काय शिकवलं, असं विचारल्यावर ती म्हणते, “इंग्लिश वाचायची भीती गेली.” मराठी मजकूर समोर ठेवून इंग्रजी लिहायला तिला एकाही पेपरात सांगितलं नव्हतं. आमच्या मते या विषयाचं सगळ्यात मोठं दुखणं हेच. या मुलांकडे दोन्ही भाषा आहेत, आणि परीक्षा एकीचीच.

[दृश्य : कॉलेजचा स्टाफरूम. मॅडम आणि विभागप्रमुख सर, टेबलावर पत्रांच्या प्रती.]

संलग्न महाविद्यालयांत नवं धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. त्यात मुलांना प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी पाठवून प्रशिक्षण द्यायचं आहे, त्याला क्रेडिट आहेत. इंग्रजीच्या मुलांना पाठवायचं कुठं, हा प्रश्न बऱ्याच विभागांना पडलाय. इथल्या विभागानं तालुक्यातल्या वकील संघाला पत्र लिहिलं, एका वर्तमानपत्राच्या कचेरीला लिहिलं, आणि द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या दोन निर्यातदारांना लिहिलं. मसुदा मॅडमचा, सही सरांची. निर्यातदारांपैकी एकाचं उत्तर आलं : दोन मुलं पाठवा, कागदपत्रं आणि ईमेल बघायला माणूस हवाच आहे. वकील संघानं पत्र पुढच्या बैठकीत ठेवतो असं कळवलंय. वर्तमानपत्राच्या कचेरीत सर पुढच्या सोमवारी स्वतः जाणार आहेत.