एका मिनिटाचे श्वास

श्रोतेहो, नमस्कार.

तान्हं बाळ एका मिनिटात किती वेळा श्वास घेतं, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मी ३५ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, पाढे घोकून घेतले, गणितं घातली. पण हा आकडा मला निवृत्त झाल्यावर कळला, तोही आमच्या गावच्या आशाताईकडून, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीकडून. बाळ शांत पडलेलं असताना पूर्ण एक मिनिट मोजायचं. श्वास ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही ६० किंवा जास्तच भरले, तर मग वाट पाहत बसायचं नाही.

आज मला विषय दिला आहे, 'रोजच्या जगण्यातला खरा वीर'. त्यासाठी आमच्याच घरातली गोष्ट सांगतो.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात. तालुक्याचं ठिकाण २२ किलोमीटर, आणि वाटेत एक नाला. पावसाळ्यात तो भरून वाहू लागला की एसटी पलीकडूनच परत फिरते. काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आमच्या सुनेला मुलगा झाला. वजन भरलं दोन किलो शंभर ग्रॅम. तिसऱ्या दिवशी मायलेकरू दवाखान्यातून घरी आले. त्याच संध्याकाळी आशाताई येऊन गेली, आणि सातव्या दिवशी पुन्हा आली.

त्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. घरात आम्ही सगळे खुशीत, कारण बाळ रडत नव्हतं. आमची मंडळी शेजारणीला कौतुकानं सांगत होती, "मोठं शहाणं लेकरू हाय माय, रात्रभर आवाज नाही!" आशाताई ओल्या पायांनी पडवीत आली. साबणानं हात धुतले, कोरडे केले, तळवे एकमेकांवर घासून गरम केले. मला म्हणाली, "गुरुजी, तेवढा टीव्ही बंद करा जी." मग बाळाचं झबलं छातीवरून हळूच वर सरकवलं, मनगटावरचं घड्याळ काढून उशीजवळ ठेवलं आणि वाकून बसली. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाळाचं पोट उंदराच्या पिल्लासारखं धपापत होतं. आम्ही आठ-दहा माणसं त्या घरात वावरत होतो, पण तिच्याआधी ते कुणाच्याच नजरेला पडलं नव्हतं.

पहिल्यांदा ६८ भरले. ती थांबली, पदरानं घड्याळाची काच पुसली, पुन्हा मोजले. ७१. तळपायाला हात लावला तर गार. सुनेला म्हणाली, "जवळ घे." बाळानं तोंड लावलं आणि सोडून दिलं.

मी म्हणालो, एवढ्या पावसात कुठं नेता, सकाळी पाहू. ती माझी विद्यार्थिनी. माझ्यापुढे कधी मान वर करून बोललेली नाही. त्या दिवशी मात्र बोलली. "रडत नाही म्हणून खुश होऊ नका जी गुरुजी. त्याच्यात रडाची ताकदच नाही राहिली. आत्ताच्या आत्ता निघा लागते."

तिनंच १०८ ला फोन लावला. गाडी नाल्याच्या पलीकडे येऊन उभी राहिली. पाणी उतरेपर्यंत पाऊण तास आम्ही अलीकडे थांबलो. तेवढा वेळ बाळ सुनेच्या उघड्या छातीशी, अंगाला अंग लावून लुगड्यात गुंडाळलेलं, वर माझं घोंगडं. आशाताई दर थोड्या वेळानं आत हात घालून बघायची. गाडीतही तीच सोबत गेली. यवतमाळला काही दिवस काढावे लागले. निदान झालं न्यूमोनिया. तो नातू आता शाळेत जातो.

गावानं ठरवलं, ताईचा सत्कार करायचा. शाल, नारळ आणि भाषण माझं. भाषणाची तयारी म्हणून मी तिच्याकडून भेटींची वही मागून घेतली. त्या वर्षी गावात १७ बाळं जन्मली होती. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. म्हणजे सहा भेटी. १७ गुणिले ६, १०२. त्यांपैकी एका नोंदीत एका बाळाच्या बेंबीला पू होता, आणि एक नोंद आमच्या नातवाची. बाकी १०० ओळींत तेच दोन शब्द, 'बाळ ठीक'. 'बाळ ठीक', 'बाळ ठीक', पानामागून पान. कुठे पावसाच्या थेंबानं शाई पसरलेली.

त्या वहीनं माझं भाषण बदललं, श्रोतेहो. नाल्याकाठच्या त्या रात्रीसाठी मी तिला शूर म्हणणार होतो. पण लेकरू संकटात दिसलं तर गावातलं कुणीही धावलं असतं, धावलेही. खरी अडचण ते दिसण्याची होती. निरोगी बाळांचे श्वास ज्या बाईनं शंभर वेळा वाकून मोजले, तिलाच त्या एकाचा श्वास वेगळा वाटला. त्या शंभर भेटींत काहीच घडलं नव्हतं. सासवा म्हणाल्या असतील, "आमचं लेकरू चांगलं हाय, तू काय पाहते त्याच्यात?" तरी ती गेली. माझ्या लेखी तिचं शौर्य त्या शंभर ओळींत आहे.

आणि ही विद्या आपल्याच विदर्भातली आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांत हा प्रयोग केला. खेड्यातल्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या बाया निवडल्या. त्यांना श्वास मोजायला, जन्मतः गुदमरलेल्या बाळाला सावरायला, जंतुदोष ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. नवजात बाळावर उपचार म्हणजे मोठं रुग्णालय, असं समजण्याचा तो काळ. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतलं नवजात बाळांच्या मृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झालं, आणि १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते जगापुढे मांडलं. पुढे २०११ मध्ये देशभर आशाताईंच्या हाती घरभेटीचं हे काम आलं. एका बाळाच्या सगळ्या भेटी मिळून मोबदला ठरला २५० रुपये. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा आमची ताई बहुतेक कुणाच्या तरी पडवीत हात धूत असेल.

आपण घडलेल्या गोष्टीचा सत्कार करतो. टळलेल्या गोष्टीला ना फोटो, ना बातमी. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे, दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. झाडलेला रस्ता दुसऱ्या दिवशी पुन्हा घाण होतो, हे त्यांना काय कळत नव्हतं? त्या खराट्यानं कोणत्या घरातला हगवणीचा रोगी वाचला, हे कुणीच सांगू शकणार नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगायला मला जड जातं. २०१७ चा पावसाळा तुम्हाला आठवत असेल. आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारा मारताना विषबाधा झाली आणि वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. नळी वर धरावी लागे, आणि मारलेलं औषध मारणाऱ्याच्याच अंगावर उतरे. त्यात दमट उष्मा, घामानं भिजलेला सदरा आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवण्याची आपली वाईट सवय. माझ्या वावरात एक गडी होता. दुपारी त्यानं पाठीवरचा पंप काढून धुऱ्यावर ठेवला. म्हणाला, "हवा उलटी फिरली भाऊजी, मी नाही मारत आता. मजुरी गेली तं जाऊ द्या."

मी चिडलो. कामचुकार म्हणालो आणि त्याची अर्धी मजुरी कापली.

आठवडाभरात शेजारच्या गावातल्या बातम्या येऊ लागल्या. मी त्याच्या घरी जाऊन उरलेले पैसे दिले, हात जोडले. त्यानं पैसे घेतले, पाणी दिलं, विषय वाढवला नाही. त्याला काही झालं नाही. झालं नाही म्हणूनच गावात कुणाला त्याचं नाव घ्यावंसं वाटलं नाही. ज्याच्या चुलीला रोजच्या मजुरीचा आधार, त्या माणसानं मालकाच्या तोंडावर 'नाही' म्हणणं केवढं मोठं असतं, हे मला फार उशिरा उमगलं. त्याचा सत्कार कोणत्या सभेत होणार? म्हणून आज या माध्यमातून, नाव न घेता, त्याला नमस्कार करतो. तो ऐकत असेल तर ओळखेल.

श्रोतेहो, तुमच्या घरी येत्या दिवसांत पाळणा हलणार असेल, तर हिशेब लिहून ठेवा: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. त्या दिवशी दारात आशाताई उभी राहील. बाळ चांगलं आहे म्हणून तिला दारातूनच परत पाठवू नका. हात धुवायला पाणी आणि साबण द्या, कोरडं फडकं द्या, बाजेजवळ उजेडाला जागा करून द्या. आणि ती घड्याळ उशीजवळ ठेवून वाकली, की एक मिनिट टीव्ही बंद करा, कुणी बोलू नका.

नमस्कार.