गिफ्ट: भेट, विष आणि लग्न

नमस्कार, श्रोतेहो.

'धाकटी कुठे दिली?' असं कुणी विचारलं, तर विषय लग्नाचा आहे हे मराठी माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. 'त्याला कुणीतरी काहीतरी दिलं असणार' असं कुणी हलक्या आवाजात म्हटलं, की ते काहीतरी म्हणजे विष. आणि 'मावशीनं साडी दिली' यात साधी भेट. तिन्हीकडे क्रियापद एकच: देणे. एवढं मनात ठेवा, कारण आज ज्या शब्दाबद्दल बोलायचं आहे त्याचं सगळं कोडं यातच आहे.

शब्द आहे गिफ्ट. इंग्रजीत त्याचा अर्थ भेट, जर्मनमध्ये विष. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत विष, शिवाय 'विवाहित'. या शेवटच्या जोडीवर नवरा-बायकोचे विनोद तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. विनोदाला हरकत नाही. पण त्यातून असा समज होतो की लग्नाचा अर्थ नासत नासत विषापर्यंत गेला. तसं झालेलं नाही. हे दोन अर्थ दोन वेगळ्या वाटांनी आले आहेत.

आधी घडण पाहू. संस्कृतात गम् पासून गति होते, मन् पासून मति. हाच 'ति' प्रत्यय जर्मॅनिक भाषांतही, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश यांच्या कुळातही आहे, फक्त झिजून त्याचा नुसता 'त' उरला. जर्मनमध्ये फारेन म्हणजे प्रवास करणे, त्यावरून फार्ट म्हणजे प्रवास. ट्रायबेन म्हणजे हाकणे, त्यावरून ट्रिफ्ट, म्हणजे गुरं हाकून न्यायची वाट. तसंच गेबेन, म्हणजे देणे, यावरून गिफ्ट. पुढे 'त' आला की 'ब'चा 'फ' होतो, ट्रिफ्टमध्ये झाला तसाच. तेव्हा मूळ अर्थ फक्त 'देणं', देण्याची क्रिया किंवा दिलेली गोष्ट. काय दिलं, कुणाला दिलं, हे शब्द सांगत नाही. पुढची सगळी गंमत त्या रिकाम्या जागेत घडली.

विष आलं ते वैद्यांच्या हातून. ग्रीकमध्ये दोसिस म्हणजे देणं, आणि त्यावरून औषधाची एका वेळी द्यायची मात्रा. तो शब्द लॅटिनमध्ये गेला आणि जर्मन भाषकांनी त्याच्या बरोबरीनं आपला गिफ्ट वापरला. मात्रा औषधाची असते तशी विषाचीही असते, आणि विषाचं नाव उघड घेण्यापेक्षा 'दिलेलं' म्हणणं सोयीचं पडतं. आपलं 'काहीतरी दिलं' याच जातीचं. दोसिस हा आपल्या 'दा' धातूचा, म्हणजे दान या शब्दाचा नातलग. डॉक्टरांकडचा डोस तोच. आजच्या ग्रीकमध्ये दोसी म्हणजे औषधाचा डोस आणि कर्जाचा हप्ताही. फ्रेंचमध्येही असंच झालं: लॅटिन पोतिओ म्हणजे पेय, त्याचं फ्रेंचमध्ये पॉयझन झालं आणि तिथून इंग्रजीत गेलं.

मग जर्मनचा आधीचा विषवाचक शब्द कुठे गेला? तो आयटर या रूपात अजून आहे, पण आज त्याचा अर्थ पू. डॅनिशमध्ये कोळ्याला एडरकोप म्हणतात, त्याचा पहिला भाग म्हणजे हाच जुना विषवाचक शब्द. आपल्या विष या शब्दाचं सख्खं भावंड मात्र लॅटिनमध्ये सापडतं. ते म्हणजे वीरुस, आजचा व्हायरस.

जर्मनमध्ये जुना अर्थ ओळखायची खूण लिंगात आहे. 'देणं' या अर्थाचा गिफ्ट स्त्रीलिंगी होता: दी गिफ्ट. विष मात्र नपुंसकलिंगी झालं: दास गिफ्ट. स्त्रीलिंगी रूप आता एकटं वापरत नाहीत, पण जोडशब्दात ते टिकून आहे: दी मिटगिफ्ट, 'सोबत दिलेलं', म्हणजे हुंडा. हुंड्यात विष आहे असा श्लेष करायला जर्मन माणसाला वेगळी मेहनत लागत नाही. पैजेवर खात्री द्यायची असेल तर जर्मनमध्ये 'यावर तू खुशाल विष घे' असं म्हणतात. त्याचा अर्थ फक्त एवढाच, की गोष्ट शंभर टक्के खरी आहे.

डचमध्ये तर दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. तिथे 'ग'चा उच्चार 'ख'सारखा होतो. विषाला बहुधा खिफ किंवा फरखिफ म्हणतात, शेवटचा 'त' गाळून. 'त' ठेवून खिफ्त म्हटलं तर देणगी. तिथल्या आयकर विवरणात 'खिफ्तन' असा भाग असतो, तो वजावटीला पात्र देणग्यांचा. पण 'फरखिफ्तिखिंग' म्हणजे विषबाधा. तिथे 'त' परत आला म्हणून अर्थ बदलत नाही. नवशिका नेमका इथे अडतो.

आता स्कँडिनेव्हिया. स्वीडिशमध्ये आपल्या शब्दाचा उच्चार होतो यिफ्त. लग्नाचा अर्थ तिथे घरचाच आहे. मुलगी देणे या अर्थी क्रियापद होतं, आणि 'दिलेली' ती विवाहित. जुन्या स्वीडिश कायद्यात मुलगी देण्याचा अधिकार असणाऱ्या पुरुषाला, बहुधा बापाला, यिफ्तोमान म्हणत. आजच्या कायद्यात यिफ्तोरेत आहे: लग्न मोडलं की दोघांची कर्जं वजा करून उरलेली सामाईक मालमत्ता निम्मी-निम्मी वाटायची. करारानं वेगळी राखलेली मालमत्ता त्यात धरत नाहीत. विष मात्र बाहेरून आलं, उत्तर जर्मनीच्या भाषेतून. हान्सा संघाच्या, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांच्या जुन्या संघाच्या, व्यापाऱ्यांबरोबर त्या भाषेतले असे ढीगभर शब्द उत्तरेकडे गेले.

दोन्ही यिफ्त एकसारखेच लिहितात आणि उच्चारतात. मग स्वीडिशमध्ये गोंधळ कसा टाळायचा? नामाला 'एत' हे उपपद किंवा शेवटी 'एत' प्रत्यय असेल, जसं यिफ्तेत, तर विष. माणसाविषयी 'आहे' या क्रियापदानंतर नुसतं यिफ्त आलं तर विवाहित. खरा धोका विशेषणात आहे. ऊयिफ्त म्हणजे अविवाहित, आणि ऊयिफ्तिग म्हणजे बिनविषारी. एक 'इग' चुकला तर अर्जात माणूस बिनविषारी होतो आणि डब्याच्या लेबलवर रसायन अविवाहित.

राहिलं इंग्रजी. जुन्या इंग्रजीतही हा शब्द होता, उच्चार यिफ्त. एकवचनात अर्थ वधूमूल्य, अनेकवचनात लग्न. म्हणजे इंग्रजही एके काळी 'मुलगी देत'च होते. आजचा कडक 'ग' आणि भेटवस्तूचा अर्थ हे मात्र व्हायकिंग वसाहतकऱ्यांच्या नॉर्स भाषेमुळे पक्के झाले. तसं झालं नसतं तर इंग्रजी नियमानं आज 'यिफ्ट शॉप' म्हणत असते. पुढे स्वीडिश आणि नॉर्वेजियनमध्ये 'इ'पूर्वीचा 'ग' मऊ होऊन 'य' झाला. डॅनिशमध्ये तो अजून कडक आहे. त्यामुळे इंग्रजांनी टाकून दिलेला उच्चार आज ऐकायचा तर स्टॉकहोम किंवा ऑस्लोला जावं लागतं, आणि तिथे तो कानावर पडला तर समोरचा माणूस तुमच्या लग्नाविषयी विचारत असण्याचा संभव अधिक.