झिंक ऑक्साइडची चमक आणि गाठीपर्यंतचा रस्ता

(इंदूरच्या एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मागचे दोन दिवे जरा मालवता का? हां, आता ही बाटली बघा. आत झिंक ऑक्साइड आहे. तेच, सनस्क्रीनमधलं आणि मलमातलं पांढरं चूर्ण. फक्त इथले कण चार-पाच नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या चार-पाच पट एवढेच आहेत आणि अल्कोहोलमध्ये तरंगताहेत. नोटा तपासायचा हा जांभळा टॉर्च लावला की बाटली पिवळसर हिरवी उजळते. कण नुकते तयार होत असताना हाच प्रकाश निळसर दिसतो आणि कण वाढतील तसा पिवळ्याकडे सरकतो. आकारावरून रंग ठरवणाऱ्या या जातीच्या कणांना क्वांटम डॉट म्हणतात. त्यांच्या शोधासाठी बावेंडी, ब्रूस आणि येकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. असे चमकणारे कण शरीरात सोडून कर्करोगाची गाठ दाखवता येईल का, हा आजचा प्रश्न. पण गाजलेल्या डॉट्समध्ये बहुधा कॅडमियम हा विषारी धातू असतो, आणि तो कुणाच्या शिरेत सोडायला डॉक्टर धजावणार नाही. म्हणून धातूंच्या ऑक्साइडकडे मोर्चा वळला.

आता गंमत अशी, की या बाटलीत पाणी मिसळलं तर कण हळूहळू एकमेकांना चिकटतात आणि चमक मंदावते. शरीरात तर पाणीच पाणी! मग कणांवर सिलिकाचा किंवा पॉलिमरचा थर चढवायचा आणि त्यावर फॉलिक ॲसिड किंवा अँटिबॉडी जोडायची. अंडाशयाच्या पुष्कळशा कर्करोगांत पेशींवर फॉलिक ॲसिड धरून ठेवणारे ग्राहक (रिसेप्टर) रेणू भरपूर असतात, तिथे कण अडकावा ही अपेक्षा.

मला स्वतःला झिंकपेक्षा युरोपियम नावाचा धातू मिसळलेलं इट्रियम ऑक्साइड जास्त आवडतं. सीएफएल बल्बच्या पांढऱ्या उजेडातला लाल वाटा याचाच, ६११ नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा. शरीरातल्या ऊतीही निळ्या-जांभळ्या प्रकाशात स्वतःहून थोड्या चमकतात. त्या गोंधळात आपला कण ओळखायचा कसा? ऊतींची चमक काही नॅनोसेकंदांत विझते. युरोपियमची मिलिसेकंदभर रेंगाळते. वरात पुढे गेल्यावर मागे राहिलेल्या पाहुण्याला शोधणं सोपं, तसंच हे. प्रकाशाचा झोत मारायचा, क्षणभर थांबायचं, ऊती शांत झाल्या की मगच कॅमेरा उघडायचा. मागे फक्त लाल ठिपके उरतात. इट्रियमऐवजी गॅडोलिनियम घेतलं, तर तोच कण एमआरआयमध्येही दिसतो.

‘नॅनोकणांनी कॅन्सर दिसला’ अशा बातम्या वाचताना मात्र विचारायचं, कुणाच्या अंगात? बहुधा उंदराच्या. उंदीर केवढा, त्याची कातडी केवढी! दृश्य प्रकाश मांसात काही मिलिमीटरच धड जातो. ६५० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातला प्रकाश थोडा अधिक. आणि या ऑक्साइडांना चेतवायला लागणारा अतिनील प्रकाश तर कातडीतच अडतो. शिवाय २०१६ मध्ये बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी ०.७ टक्केच (मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधला येणारा) गाठीपर्यंत पोचल्याचं दिसलं. उरलेल्यांचा मोठा वाटा यकृत आणि प्लीहा अडवून धरतात. मूत्रपिंडातून निसटायचं तर थरासकट कण साडेपाच नॅनोमीटरच्या आत हवा. आपण थर चढवून तो फुगवून बसलेलो! झिंक ऑक्साइड पेशीतल्या आम्लात विरघळतं, ते एका अर्थी बरंच. पण सुटलेलं झिंक चांगल्या पेशींनाही मारू शकतं.

इंदूरकरांना तोंडाच्या कर्करोगाबद्दल वेगळं काय सांगायचं? पानाच्या ठेल्यावर लटकलेल्या पुड्या आपण रोज बघतो. तोंड उघडलं की जागा समोरच, तिथे प्रकाश खोलवर पोचवायची अडचण नाही. आपल्याच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी प्रकाशावर चालणारं छोटं उपकरण बनवलं आहे. निळ्या प्रकाशात निरोगी अस्तर हिरवट चमकतं आणि बिघडलेला भाग बरेचदा काळपट दिसतो, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. यात बाहेरून कण सोडायची गरजच नाही. जिथे शरीराची स्वतःची चमक पुरते, तिथे नॅनोकणांचा हट्ट कशाला?

शस्त्रक्रियेत गाठीची कड दाखवायला आज वापरतात ते पदार्थही साधे रेणू आहेत: मेंदूच्या गाठींसाठी ५-एएलए, अंडाशयाच्या कर्करोगासाठी २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं पॅफोलासायनिन. माझ्या मते ऑक्साइडच्या कणांनी आधी शिरेत शिरायची घाई करू नये. बायोप्सीचा तुकडा काचपट्टीवर आला की तिथे यकृत नाही, मूत्रपिंड नाही, कातडीही नाही. अँटिबॉडी लावलेला युरोपियमचा कण त्या तुकड्यावर टाका, सूक्ष्मदर्शकाखाली झोत मारा आणि मिलिसेकंदभर थांबा. पॅथॉलॉजिस्टला हव्या त्या पेशी लाल दिसतील.