अक्षतेच्या दिवशी दुकान उघडं

[दृश्य : नवी पेठ, सकाळ. शटर वर जाताना.]

आज भोगी. सोलापुरात भोगी म्हटलं की भाजी-भाकरीच्या आधी अक्षता आठवते. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचा कुंभारकन्येशी लागणारा विवाह, सात नंदीध्वज, होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे जत्रा. सगळं शहर आज तिकडे निघालंय. या कापड दुकानाचं शटर मात्र रोजच्यासारखंच वर गेलं. रोजच्यापेक्षा जरा लवकरच. इथे काम करणाऱ्यांना सणाची सुट्टी नाही.

[दृश्य : गादीवर पांढरी चादर अंथरताना. उदबत्ती. रॅकमधून गठ्ठे उतरताना.]

आधी झाडलोट. मग गादीवर धुतलेली चादर, चारी कोपरे ताणून. गल्ल्याला हळदकुंकू, गणपतीला उदबत्ती. माडीवरून गठ्ठे खाली येतात आणि आज खाली येणारे गठ्ठे काळे असतात. उद्या संक्रांत. वर्षभर ज्या रंगाला नाक मुरडलं जातं, त्याला आज मान. काळी इरकल, काळं कॉटन, काळ्यावर खडीचं काम, आणि आजी सोबत असली तर हमखास विचारली जाणारी चंद्रकळा.

[दृश्य : हात, जवळून. साडी उलगडताना.]

हे हात बघा. साडी गादीवर पडते ती काठ गिऱ्हाईकाकडे आणि पदर वर, अशीच. एका झटक्यात अर्धी उलगडते, पूर्ण नाही. पूर्ण उलगडली की घडी बसवायला वेळ जातो, आणि आज वेळ नाही. अक्कांना काठ आवडला नाही. दुसरी. पोत आवडला, रंग नको. काळ्यातच रंग नको म्हणजे काय, हे या माणसाला कळतं. तो हसत नाही, खाली वाकून आणखी एक काळी काढतो. थोडी निळसर. अक्का गप्प होतात. म्हणजे साडी ठरली. भवानी झाली.

घडी घालताना तो साडीकडे बघतही नाही. निऱ्यांची बाजू आत, काठावर काठ, तळहाताने एकदा दाब. गिऱ्हाईक उठेपर्यंत गादी रिकामी झालेली असते. हे काम कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. आधी गठ्ठे उचलायचे, मग घड्या घालायच्या, मग कधीतरी गिऱ्हाईकासमोर बसायला मिळतं.

[दृश्य : दुकान, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश.]

आता माणसं मोजा. गादीवर तिघं. ब्लाउजपीसच्या काउंटरवर दोघी. माडीवर एक पोरगा. पिशव्या भरायला आणि चहा आणायला एक. सात. गल्ल्यावर मालक, ते वेगळे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

[दृश्य : बाळीवेस, हिरेहब्बू वाडा. नंदीध्वज उभे राहताना. मूळ आवाज : "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" दहा सेकंद निवेदन नाही.]

आमचा दुसरा कॅमेरा बाळीवेशीत आहे. हिरेहब्बू वाड्यातून नंदीध्वज निघतात. उंच कळकाच्या काठ्या, वर बाशिंग, अंगभर हार. खाली पांढऱ्या बाराबंदीतले भक्त. एक जण कमरेच्या आधाराने काठी तोलतो. पावलं बेताने, नजर वर. तो दमला की शेजारचा पुढे होतो, काठी हलू न देता भार आपल्याकडे घेतो, आणि पहिला बाजूला होऊन घाम पुसतो. मिरवणूक थांबत नाही, नंदीध्वज खाली टेकत नाही, आणि एकाच माणसाचं कंबरडंही मोडत नाही.

पाळ्या लावून काम कसं करायचं, हे सोलापूरला नव्याने शिकवायची गरज नाही.

[दृश्य : सम्मती कट्टा. गर्दी.]

तलावाकाठी सम्मती कट्ट्याजवळ पाय ठेवायला जागा नाही. विवाहाची सम्मती वाचून होते. "सत्यम सत्यम, नित्यम नित्यम" कानावर येतं आणि हजारो हात एकदम वर जातात.

[दृश्य : नवी पेठेतलं दुकान, तीच वेळ. गठ्ठ्याला टेकवलेला मोबाईल. निवेदन नाही. काउंटरवरच्या ताई रुमालाची गाठ सोडतात. अक्षता मोबाईलवर पडतात. गिऱ्हाईक : "दादा, ही कितीला?"]

[दृश्य : जुन्या मिलचं आवार. जुनी छायाचित्रं.]

सुट्टीचा प्रश्न या शहराला नवा नाही. सोलापूर हे भोंग्यावर उठणारं गाव होतं. जुनी मिल १८७७ सालची. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. सूत, कापड, चादरी. भोंगा झाला की पेठांमधून माणसं निघायची, भोंगा झाला की परतायची. आठवड्याची हक्काची सुट्टी ही तेव्हा कल्पनासुद्धा नव्हती.

ती कल्पना हट्टाने मांडणारे नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, मागण्यांचं निवेदन केलं. त्यात आठवड्याची एक सुट्टी होती, दुपारी अर्धा तास जेवायला होता, पगार वेळेवर मिळावा हेही होतं. यातलं एकही कलम आज कुणाला क्रांतिकारक वाटणार नाही. तरी रविवारची सुट्टी पदरात पडायला १० जून १८९० उजाडला. सहा वर्षं गेली. आज रविवारी उशिरापर्यंत लोळणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे, ते सोडा.

गिरणीला सुट्टी मिळाली, दुकानाला कधी? १९४८ साली मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम आला. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवायचं, हे त्याने ठरवून दिलं. रात्री बंद करायच्या वेळाही आल्या. त्यात एक साधी सोय होती. दुकानच बंद, मग माणसाला बोलवणार कोण? तपासायलाही सोपं. रस्त्यावरून चालत गेलं तरी दिसायचं.

[दृश्य : संध्याकाळची नवी पेठ, दिवे, पाट्या. "३६५ दिवस खुले".]

मग ही पाटी आली. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवता येईल, सक्तीचा बंद नाही. पण माणसाला आठवड्याची सुट्टी द्यायचीच, पाळीपाळीने द्या. तेव्हा दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८. वर वेळ घेतला तर त्याचे दुप्पट पैसे. आणि सणांबाबत स्पष्ट लिहिलंय : वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार सणांच्या, मालक आणि कामगार यांनी मिळून ठरवायच्या. त्या दिवशी कामाला बोलावलं तर दुप्पट पगार, शिवाय बदली सुट्टी. 'किंवा' नाही, 'आणि' आहे.

म्हणजे दुकानाची सुट्टी आणि माणसाची सुट्टी कायद्याने वेगळी केली. आम्हाला विचाराल तर कल्पना वाईट नाही. गिऱ्हाईकाला सणाच्या दिवशी साडी मिळावी आणि विकणाऱ्यालाही सण मिळावा, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

[दृश्य : पुन्हा तेच दुकान, तीच सावकाश फिरणारी चौकट.]

तो सातचा आकडा आठवा. २०१७ मध्ये या कायद्याच्या या तरतुदी दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना होत्या. दहाच्या आत असाल तर दुकानदाराने फक्त सूचना द्यायची, नोंद व्हायची, झालं. आठ सुट्ट्या, दुप्पट पगार, बदली सुट्टी, सगळं दहाच्या पुढे. जुन्या कायद्यातला दुकान बंदचा वार गेला आणि नव्या कायद्यातली माणसाची सुट्टी या गादीपर्यंत पोचली नाही. नवी पेठ, चाटी गल्ली, मधला मारुती या बाजूला एक चक्कर मारा आणि दुकानागणिक माणसं मोजत चला. मोठमोठी शोरूम सोडली, तर मोजायला एकाच हाताची बोटं पुरतील अशी दुकानं डोळ्यांसमोर येत राहतील.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा आकडा दहावरून वीस करायला आणि दिवसाचे तास नवावरून दहा करायला मंजुरी दिली, पुढे तसा अध्यादेशही निघाला.

[दृश्य : होम मैदान, रात्र. पाळणे, दिवे, भजीची कढई, खेळण्यांच्या दुकानांची रांग.]

सगळ्यांनी सणाला दुकानं बंद ठेवावीत, असं म्हणायला तोंड उचलावं तर समोर हा गड्डा. पाळणेवाले, भजीवाले, बांगड्यांचे स्टॉल. यांच्यासाठी सण हीच कमाई. गावोगावच्या जत्रा करत येणाऱ्या या माणसांना अक्षतेला सुट्टी घ्या म्हणणं म्हणजे पोटावर पाय. इथे बहुतेक ठिकाणी कामाला घरचेच लोक, गल्ल्यावर आई, कढईपुढे बाप, पैसे सुट्टे करायला पोरगी. त्यांचं गणित वेगळं.

[दृश्य : पूर्व भाग. यंत्रमागाचा खडखडाट. नंतर श्रावणात चित्रित केलेला मार्कंडेय रथोत्सव.]

शहराच्या पूर्व भागात आणखी वेगळं. मागावरचा कामगार नगावर, विडी वळणारी बाई हजारावर. जेवढं काम तेवढा दाम. त्यांना सुट्टी म्हणजे खाडा. ही मिरवणूक नारळी पौर्णिमेची आहे, पद्मशाली समाजाचा मार्कंडेय महामुनींचा रथ. त्या दिवशी पूर्व भाग सगळा रस्त्यावर असतो, हौसेने असतो, आणि त्या दिवसाची मजुरी ज्याची त्याने सोडलेली असते. सुट्टी भरपगारी नसेल तर ती परवडणाऱ्यालाच मिळते.

[दृश्य : दुकानाचे मालक, गल्ल्यावर.]

मालकांची बाजू त्यांच्याच तोंडून ऐका. मोबाईलवर साडी घरपोच येते, दुकानाचं भाडं सणाला माफ होत नाही, शेजारचा उघडणार असेल तर आपण बंद ठेवून काय साधणार. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचा हंगाम, मग लग्नसराई. यातलं काहीच खोटं नाही. पण बंद ठेवा असं यात कुणी म्हणतच नाहीये.

[दृश्य : माडीवर दुपारचं जेवण. चार डबे.]

डबे उघडलेत. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, शेंगाची चटणी. जेवण गादीवरच्या हाकेनुसार, दोन-दोन जणांचं. कायद्यात सलग काही तासांनंतर विश्रांती आहे. इथे हाक आली की भाकरी डब्यात आणि पाय जिन्यावर. पाय सुजतात, घरची भोगी रात्री नऊनंतर होते, पोरं तोवर झोपतात.

ते सुट्टी मागत का नाहीत? यातल्या दोघांनी मालकाकडून उचल घेतलीय, एकाने बहिणीच्या लग्नाला, एकाने दवाखान्यासाठी. उचल दर महिन्याला पगारातून थोडी थोडी फिटते. अडीअडचणीला बँक नाही, मालकच उभे राहिले, हे दोघंही मान खाली घालून सांगतात. अशा माणसाकडे अक्षतेला सुट्टी मागायला जीभ रेटत नाही. मालक काही दुष्ट नाहीत. म्हणूनच हे मर्जीवर सोडून चालत नाही.

[दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर, दुसऱ्या एका दुकानातलं. तारखांवर पेनाने केलेल्या खुणा, जवळून.]

हे दुसरं दुकान, मधल्या मारुतीजवळ, भांड्यांचं. इथेही माणसं सहाच, कायदा इथेही बंधनकारक नाही. पण कॅलेंडरवर खुणा बघा. अक्षतेच्या तारखेवर दोन नावांची आद्याक्षरं. रमजान ईदेवर एक. नारळी पौर्णिमेवर एक. पाडव्यावर दोन. सोलापूरच्या दुकानात लिंगायत, पद्मशाली, मुसलमान, मराठा एकाच काउंटरमागे उभे असतात. प्रत्येकाचा मोठा सण वेगळा. अक्षतेला गेलेल्यांची जागा ईदवाला धरतो, ईदेला हे दोघं त्याची धरतात. दुकान एकाही दिवशी बंद नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मालक आणि सहाही जण चहा घेऊन बसतात आणि खुणा करतात. पंधरा मिनिटांचं काम, कॅमेऱ्यासमोर त्याहून कमी वेळात झालं.

सणाला गर्दी असते तेव्हा दोन माणसं कमी पडतात, हे खरं. मालक स्वतः काउंटरवर उभे राहतात. आज ते पातेल्यांना किमतीची चिठ्ठी चिकटवताना दिसले.

[दृश्य : नवी पेठ, फेब्रुवारी. पगाराची पाकिटं.]

पुन्हा पहिल्या दुकानात, पगाराच्या दिवशी. सात पाकिटं. दोन उचलीचा हप्ता कापून. अक्षतेच्या दिवसाची मजुरी साऱ्यांना मिळालीय, एकेरी. बदली सुट्टीचं काय, असं काउंटरवरच्या ताईंनी आमच्यासमोर पहिल्यांदाच विचारलं. मालक नाही म्हणाले नाहीत. लग्नसराई संपू दे, मग बघू, म्हणाले. ताईंनी कॅलेंडर मागवलं आणि तारीख आजच लिहून ठेवू या, असं सुचवलं. जूनमधला एक सोमवार ठरला. मालकांनी स्वतः खूण केली, मग पेन पुढच्या माणसाकडे गेला.