रोज क्लोरीन टाकूनही पाणी हिरवं का?

नमस्कार श्रोतेहो.

काटोल रोड, अमरावती रोड, हिंगणा, उमरेड रोड. नागपूरच्या चहूबाजूंना फार्महाऊस उभी राहिली आणि त्यांच्यासोबत छोटे-छोटे स्विमिंग पूलही आले. टँक बांधून होतो, निळ्या टाइल्स लागतात, बोअरचं पाणी भरलं जातं, पाहुणे येऊन पोहून जातात. आठ-पंधरा दिवसांत मालकाचा सूर बदलतो : "पाणी हिरवं होऊन राहिलं ना भाऊ, क्लोरीन तर रोज टाकतो!"

तर आज या 'रोज टाकतो'बद्दलच बोलू. क्लोरीन किती टाकलं ही नंतरची गोष्ट. टाकलेलं क्लोरीन कामाला लागतं आहे का, हे आधी पाहायचं, आणि ते बरंचसं पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्यावर, ठरतं. माती तपासून घेणाऱ्या शेतकऱ्यांना हाच आकडा सामू म्हणून ठाऊक असतो. पोहण्याच्या पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ यांमध्ये हवा, ७.४च्या आसपास राहिला तर उत्तम.

क्लोरीन पाण्यात पडलं की त्याची दोन रूपं होतात. एक हायपोक्लोरस आम्ल. जंतू आणि शेवाळ मारतं ते हेच. दुसरं हायपोक्लोराइट, ते फार मंद. पीएच ७.५ असताना दोन्ही साधारण निम्मी-निम्मी असतात. पीएच ८ झाला की कामाचा वाटा पावाच्याही खाली येतो आणि ८.५ला तर दहाव्या हिश्शाहूनही कमी उरतो. म्हणजे डबाभर पावडर टाकली तरी तिच्यातली बहुतेक नुसती बसून राहते. मालक आणखी टाकतो. क्लोरीनची दाणेदार पावडर, म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट, स्वतःच पीएच थोडा वर नेते. मग पुन्हा तेच.

आपल्याकडे पीएच वर जायला कारणांची कमी नाही. नव्या टँकमध्ये टाइल्सच्या सांध्यांतल्या सिमेंटचा चुना काही आठवडे पाण्यात उतरत राहतो. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. त्यात कोपऱ्यात कारंजं किंवा छोटा धबधबा असेल, तर पाणी उसळून त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो. माझं विचाराल तर कारंजं पाहुणे आल्यावरच सुरू करावं. दिवसभर चालवलं तर विजेचं बिल येतं ते येतंच, वर पीएच उतरवायला लागणाऱ्या ऍसिडचंही येतं.

पीएचच्या जोडीला अल्कलिनिटी नावाचा दुसरा आकडा येतो. पीएचला एका जागी धरून ठेवण्याची ही पाण्याची ताकद. ती ८० ते १२० पीपीएम असावी. पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम. कमी असेल तर पीएच रोज उड्या मारतो. अशा वेळी खाण्याचा सोडा टाकायचा : हजार लिटरला साधारण १७ ग्रॅम टाकले की अल्कलिनिटी १०ने वाढते. जास्त असेल तर हायड्रोक्लोरिक ऍसिड, तेही थोडं-थोडं. एकदा टाकलं की पंप काही तास चालवायचा, पुन्हा मोजायचं आणि मगच पुढचं. आधी अल्कलिनिटी, मग पीएच आणि शेवटी क्लोरीन, हा क्रम ठेवला तर खर्च निम्म्यावर येतो असं मी म्हणणार नाही, पण वाया जाणं नक्की थांबतं.

मोजल्याशिवाय यातलं काहीच होत नाही. 'मुठीने टाकतो, बरोबर पडतं' म्हणणारे भरपूर भेटतात. टँकचं माप आधी काढा. लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर आणि सरासरी खोली सव्वा मीटर असेल, तर गुणाकार ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर. त्यात क्लोरीन १ पीपीएमने वाढवायला ४० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. ६५ टक्क्यांची पावडर असेल तर साधारण ६२ ग्रॅम. मोकळं क्लोरीन, म्हणजे कामाला शिल्लक असलेलं, १ ते ३ पीपीएम ठेवायचं. क्लोरीन मोजायचं किट घेताना मात्र बघून घ्या. पिवळा रंग देणाऱ्या जुन्या ऑर्थोटोलिडीनच्या किटमध्ये एकूण क्लोरीन दिसतं, कामाचं किती आणि थकलेलं किती ते कळत नाही. गुलाबी रंग देणारं डीपीडी किट थोडं महाग पडतं, पण तेच घ्या. आणि एक गंमत : क्लोरीन फारच जास्त झालं तर ते डीपीडीचा रंगच उडवून टाकतं. नळी बिनरंगी दिसते, माणूस समजतो क्लोरीन संपलं, आणि आणखी ओततो.

आता आपलं ऊन. मे महिन्यातल्या नवतप्यात उघड्या टँकमध्ये सकाळी टाकलेलं क्लोरीन दोन-तीन तासांत बहुतेक उडून जातं. म्हणून क्लोरीन सूर्य मावळल्यावर टाकायचं, म्हणजे रात्रभर ते काम करतं. दिवसा टिकावं म्हणून सायन्युरिक आम्ल, दुकानात ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात, ते ३० ते ५० पीपीएम ठेवतात. पण टीसीसीएच्या, म्हणजे क्लोरीनच्या पांढऱ्या गोळ्या वापरत असाल तर ते वेगळं विकत घेऊ नका. त्या गोळ्यांतच ते असतं. त्यांतून १० पीपीएम क्लोरीन मिळालं की ६ पीपीएम स्टॅबिलायझर मागे उरतं. क्लोरीन खर्च होतं, हे जात नाही. रोज २ पीपीएम धरलं तरी दोन महिन्यांत ते ७०च्या पुढे जातं आणि मग क्लोरीनलाच बांधून ठेवतं. गोळ्या सोयीच्या आहेत, बाहेरगावी जाताना ठीक आहेत. वर्षभर फक्त त्यांच्यावर टँक चालवू नये.

उन्हाचा दुसरा परिणाम हळूहळू दिसतो. कुलरच्या जाळीवर उन्हाळाभर जो पांढरा थर चढतो, तोच टँकच्या काठावर टाइल्सना चढतो. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. ८ बाय ४च्या टँकमधून कडक उन्हात रोज सेंटिमीटरभर पाणी उडालं, तर ते ३२० लिटर झालं, महिन्याला ९,६००. तेवढं पाणी ४०० पीपीएम जडपणाच्या बोअरमधून भरलं, तर टँकचा जडपणा, म्हणजे पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, एका महिन्यात ९६ने वाढतो. तो २०० ते ४००च्या दरम्यान राहिला तर बरं. पहिल्यांदा भरताना पेंचच्या किंवा कन्हानच्या पाण्याचा टँकर परवडत असेल तर तो घ्या. पुढे रोजची भर बोअरची घातली तरी सुरुवात हलक्या पाण्याने होते. पावसाळ्यात चित्र उलटतं : पावसाचं पाणी अल्कलिनिटी खाली आणतं, वादळात धूळ आणि पाला पडतो. तेव्हा दर दोन दिवसांनी मोजा.

डोळे चुरचुरले, उग्र वास आला की लोक म्हणतात, क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा उलट असतं. घाम, लघवी यांच्याशी क्लोरीन जोडलं जाऊन क्लोरामाइन तयार होतं, वास त्याचा असतो. त्याला उपाय म्हणजे पोहणं बंद ठेवून एका रात्री क्लोरीनचा मोठा डोस. आणि पोहण्याआधी साबणाने अंघोळ, पाहुण्यांनासुद्धा. हे सांगायला लाजू नका.

सुरक्षेबाबत मात्र मी कडक आहे. ऍसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका, एका बादलीत, एका मगात, एका कपाटातही नाही; विषारी वायू सुटतो. टीसीसीएच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर एकमेकींत मिसळल्या तर आग लागू शकते. ऍसिड पाण्यात ओतायचं, पाणी ऍसिडमध्ये नाही. राखणदाराच्या हाती हे काम देणार असाल तर त्याला आधी हातमोजे आणि चष्मा घेऊन द्या.

स्टॅबिलायझर किंवा जडपणा हाताबाहेर गेला की थोडं पाणी काढून नवं भरणं एवढाच सोपा उपाय उरतो. काढायच्या आधी तीन-चार दिवस क्लोरीन बंद ठेवा आणि शून्यावर आल्याचं किटवर पाहा. मग ते कडुनिंबाला, कुंपणाच्या झाडांना द्या. शेजारी संत्र्याची बाग असेल तर तिकडे पाट वळवू नका. संत्र्याला क्षार सोसत नाहीत.

नमस्कार.